मुक्ताबाईंचा पाला

मुकुंदवाडीत मुक्ताबाईंच्या अंगणासारखं अंगण शोधून सापडलं नसतं. उजाडलं की पदर खोचून त्या खराटा हातात घेत आणि दारच्या बदामाखालचा पाला झाडून काढत. जमीन अशी चोपून बसवलेली, की पोरांनी भोवरा फिरवावा.

मोगरा तेवढा वाळत चालला होता. माहेराहून, देवगाव रंगारीहून, आईनं दिलेलं रोप. आई गेली, तिच्या हातचं तेवढंच राहिलं. बाईंनी दुकानातलं खत घातलं, पाणी घातलं. पाणी वरच साचायचं आणि झाड खाली मान घालून उभं.

आणि तारेच्या कुंपणापलीकडं तनुजाची बाग! दोन वर्षांमागं राहायला आलेली बँकेतली पोर, पण तिच्या हिरवळीखालची माती लोण्यासारखी मऊ. बाईंनीच हौसेनं दिलेली मोगऱ्याची फांदी तिच्याकडं फुलांनी लगडलेली. संध्याकाळी वास आला की बाईंच्या पोटात दुखायचं. आईचा मोगरा, आणि फुलावा परक्या दारी! त्या रागानं रोजचा सगळा पाला त्या तारेखालून तनुजाकडं लोटत. ती भांडायला आली की काय सुनावायचं तेही ठरलेलं होतं. पण ती मेली येतच नव्हती.

एका सकाळी आली, ती ओंजळभर फुलं घेऊन.

"मावशी, ही तुमची."

"माझी कशी? काय घालतीस गं तू मातीत?"

"तुमचाच पाला की! रोज देता ना, तो खड्ड्यात टाकून शेणाचं पाणी मारते. कुजला की झाडांच्या बुडाशी पसरते. गांडुळं लई झालीत. एवढं कोण देतं हो कुणाला?"

ती गेल्यावर ओट्यावर बसलेले बाईंचे यजमान, बन्सीराव, पोट धरून हसले. "वर्षभर पोसलीस की गं तिची बाग!"

 जळायचं तरी कुणावर, तेच बाईंना समजेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुरप्यानं मोगऱ्याभोवतीची माती मोकळी केली, शेण कालवून ओतलं आणि सगळा पाला त्यावर पसरला. एक पान तारेखाली गेलं नाही. पलीकडं तनुजा घमेलं घेऊन उभी होती.

"मावशी, आज पाला?"

"आज गळालाच नाय बाई," मुक्ताबाई म्हणाल्या. तेवढ्यात बदामाचं तळहाताएवढं लाल पान त्यांच्या खांद्यावर पडलं. त्यांनी ते मुकाट्यानं पदराखाली घेतलं.