अँप्लिफायरचा सौदा
दारावरून दणक्यात वाजणारी जीप गेली अन् फळीवरच्या ताटल्या थरथरल्या, की मला बीडचं ते दुकान आठवतं. पोरानं मांजरसुंब्याच्या रस्त्याला काळीपिवळी जीप घातलेली, मागं बेसचे दोन मोठे डबे बसवलेले, पण त्यांना ताकद देणारं अँप्लिफायर नव्हतं, अन् कॉलेजची पोरं दणका असलेल्या दुसऱ्याच जीपमधी बसायची. म्हणून आम्ही घ्यायला गेलतो. स्वस्तातल्या मशीनवर वॅटचा मोठा आकडा छापलेला, पोराचा जीव त्याच्यातच. दुकानदार म्हणला, "आकडा नुसता छापायला हाय. आवाज वाढवला की फाटतो, डबे जळतेत. हे दुसरं न्या." दुसरं आमच्या ऐपतीबाहेरचं. "भाव फिक्स हाय, बाबा." मी आयुष्यभर शेळ्यांचा बाजार केलेला माणूस, तिथं भाव कापडाखाली बोटं दाबून ठरतो. त्याच्या हातावर उपरणं टाकलं अन् सौदा करायला खालून बोटं धरली. त्यानं हात झटकला. माझं पोरगं वरडलं, "आबा, हा काय शेळ्यांचा बाजार हाय?" तेवढ्यात गल्ल्यावरचा म्हातारा, दुकानदाराचा बाप, हसत उठला. लेकाला म्हणला, "सरक बे," अन् स्वतःचा हात उपरण्याखाली घातला. त्यानं बोटं दाबली, मी दाबली, तोंडातून शब्द न्हाई. शेवटी त्यानं मान हलवली अन् ते चांगलं मशीन आमचं झालं. जीपला जोडून वाजवलं तर स्टँडवरची पोरं पळत येऊन बसली. "कितीला दिलं?" त्याचा लेक त्याला अन् माझा मला विचारत ऱ्हायला. माझा अजून विचारतोय. उपरण्याखालचा भाव उघड्यावर सांगत नसतेत, मी बी सांगणार न्हाई.