आईचा हात पोचेल तिथे

आमच्या कांदिवलीच्या इमारतीतला वायरमन प्रत्येक गोष्टीला "करूया ना, साहेब" म्हणतो आणि मग स्वतःला पटेल तेच करतो.

फ्यूजची जुनी पेटी काढून नवी, खटक्यांची बसवायची होती. हॉलची शोभा जायला नको म्हणून ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात लपवा, असं मी सांगितलं.

"करूया ना," म्हणत त्याने माझ्या आईला हाक मारली. "काकी, ठिणगी उडाली तर खटका बंद करायला कपाटावर चढणार काय?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तुम्ही हापिसात. तोवर काय, ठिणगीला बस म्हणून सांगायचं?"

त्याने आईला हात वर करायला लावला आणि तो पोचला तिथे, हॉलच्या भिंतीवर बरोब्बर मधोमध, पेन्सिलीने खूण केली. पेटी तिथेच बसली.

आता मी एसी लावला की आई "झालं ना गार?" म्हणते आणि पेटीतला खटका पाडून तिथूनच तो बंद करते.