दोन सूत डावीकडे

कुठलीही वस्तू दिसली की ते आधी ती एका हाताने उचलून बघत. कलिंगड, कुकर, दुसऱ्याची छत्री, लग्नात आलेला आहेर, काहीही. उचलायची, डोळे बारीक करायचे, हात दोनदा खालीवर करायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच होते. पसंत पडली तर "बरी आहे". नाहीतर "जड आहे हो". जड म्हणजे त्यांच्या लेखी नापास.

असा एखादा माणूस तुमच्याही इमारतीत असेल, आणि तुमचंही त्याच्यावाचून पान हलत नसेल. आमच्या बदलापूरच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. ते अंबरनाथच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होते. मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे, एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो मी चौतीस वर्षं केला. म्हणजे लाकूड माझं, काचेचं कापड आणि ते कडक करणारं चिकट रेझिन त्यांचं, अशी सरळ वाटणी होती. ती त्यांनी मोडली.

त्याआधी सोफ्याचं सांगतो. निवृत्त झाल्यावर मी सागवानाचा सोफा केला. दीड वर्ष खपलो. एक खिळा नाही, सगळे सांधे. ते बघायला आले, चहा प्यायले, उठले आणि सोफ्याचा एक कोपरा धरून उचलू लागले. तो हलला नाही. "जड आहे हो, पॅटर्नवाले," ते म्हणाले. ते मला कायम पॅटर्नवालेच म्हणत. मला ते लागलं. माझी बायको हसली, ते जास्त लागलं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं की आपण कॅनू करणार. म्हणजे दोन माणसांची निमुळती होडी, लाकडाच्या पातळ पट्ट्यांची, आतून-बाहेरून काचेच्या कापडाने मढवलेली. एका माणसाने खांद्यावर घेऊन उल्हास नदीपर्यंत चालत जाता आलं पाहिजे, ही अट. हे सगळं मोबाइलवर बघून. ज्या माणसाने जन्मात रंधा धरला नव्हता, तो पार्किंगमध्ये सोळा फुटी होडी बांधणार होता. मी आठ दिवस मनातल्या मनात हसलो.

लाकूड त्यांनी आणलं ते परदेशी मशिनरीच्या खोक्यांचं. फिकट, सरळ रेषेचं, हलकं पाइन. पट्ट्या फाडायला आम्ही दोघं उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, एका सिंधी शेठच्या आरा मशीनवर गेलो. पाव इंच जाडीच्या पट्ट्या हव्यात म्हटल्यावर शेठने चष्मा काढला. "साईं, पाव इंच? इससे दाँत कुरेदोगे क्या?" शेअर रिक्षात त्या लांब पट्ट्या मांडीवरून बाहेर काढून आम्ही आलो. ते सगळ्या रस्त्याने खुशीत. मी कशाला गेलो होतो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मग लोक जमायला लागले. शिवमंदिरात जाऊन आलेल्या बायका घरी जायच्या आधी पार्किंगमध्ये डोकावत. सेक्रेटरी, जे कुणाला सायकलही आडवी लावू देत नाहीत, त्यांनी स्वतःची गाडी रस्त्यावर लावली. माझी बायको रोज अकरा वाजता खाली चहा पाठवू लागली, आणि तोही कारखान्याने मला निरोपाला दिलेल्या थर्मासमधून. मला हेवा वाटत होता. दुसरा शब्द शोधत बसत नाही. माझे नमुने वाळूत दाबले गेले, त्यांच्या ठशात लोखंड ओतलं गेलं आणि नमुने गोदामात वाळवीला पडले. माझ्या हातचं लाकूड बघायला चौतीस वर्षांत कुणी आलं नाही.

होडी आधी उलटी बांधतात. एका लांब, सरळ फळीवर प्लायवूडचे नऊ साचे ओळीने उभे करायचे आणि त्यांच्यावरून पट्ट्या वाकवत, एकीला दुसरी चिकटवत जायचं. साचे उभे झाले त्या सकाळी ते वर आले. "उद्या पहिली पट्टी मारतो. तुमची नजर म्हणजे नजर. एकदा डोळ्याखालून घाला."

मी खाली गेलो. टोकाला गुडघ्यावर बसलो, एक डोळा मिटला आणि साच्यांच्या मधोमध ताणलेल्या दोरीच्या रेषेत बघितलं. तिसरा साचा दोन सूत डावीकडे होता. पाव इंच. तुम्हाला दिसला नसता. मला सोललेल्या लसणासारखा स्वच्छ दिसला. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, हातात थर्मासचं झाकण, त्यात माझ्या घरचा चहा.

"ठीक आहे," मी म्हणालो.

उद्या सांगू, असं ठरवून मी जिना चढलो. रात्री उशिरापर्यंत नाही, पण जेवताना मात्र पुन्हा पुन्हा मनात आलं. सकाळी खाली गेलो तर दोन पट्ट्या लागल्यासुद्धा होत्या. दुपारपर्यंत सहा. मग रोज सांगणं एक पट्टीने अवघड होत गेलं.

त्या अपराधापोटी मी कामाला लागलो, हे खरं. रंधा कसा धरायचा, पट्टीची कड कशी उतरती करायची, हे त्यांना मी शिकवलं. ते चांगले विद्यार्थी होते, त्याचाही मला रागच आला. थंडीत हवा कोरडी झाल्यावर काचेचं कापड अंथरून त्यांनी रेझिन ओतलं, कापड काचेसारखं पारदर्शक झालं आणि खोक्याचं ते फिकट लाकूड मधासारखं उजळलं. पार्किंगमधले सगळे पुढे सरकले. मीही सरकलो. साच्यांवरून काढून होडी सुलटी केली, तेव्हा आठवडाभर मी गावाला होतो. परत आलो तर आतलं कापडही चढलं होतं आणि नवारीच्या दोन बैठका बसल्या होत्या.

पहिल्यांदा ती खांद्यावर घेतली तेव्हा त्यांनी नेहमीसारखे डोळे बारीक केले. "बरी आहे." त्यांची बायको, आमच्या वहिनी, नदीवर नारळ फोडताना रडल्या. मी पुढच्या बैठकीवर, ते मागे. दहा हात गेलो असू, होडी हळूच डावीकडे वळायला लागली. काठावर जाळं सोडवत बसलेला गावातला म्हातारा ओरडला, "होरी डावे हाताला जातंय!"

"वारा आहे," मागून ते म्हणाले.

दोन हिवाळे आम्ही दर रविवारी नदीवर गेलो. जलपर्णी नसेल तिथून आत शिरायचं, जांभूळ गावाच्या बाजूला जायचं, चहा पिऊन परतायचं. होडी प्रत्येक वेळी डावीकडे जायची. ते मागून डावीकडे दोन वल्ही मारत, उजवीकडे एक. पाणी आरशासारखं स्थिर असलं तरी म्हणत, वारा आहे. मला वाटायचं, त्यांना स्वतःची चूक कबूल करायला जड जातंय. त्या कल्पनेने मला बरंही वाटायचं. कितीदा तोंडाशी आलं की मागे वळावं आणि सांगावं. पण होडीत मागे वळलं की ती डचमळते, असं कारण मी स्वतःला देत राहिलो.

गेल्या माघात ते गेले. बसल्या जागी, हातात वर्तमानपत्र. तेराव्यानंतर वहिनींनी मला खाली बोलावलं. "तुम्हीच घेऊन जा भावजी. दुसऱ्या कुणाला तिचं काय कळणार?" मी होडी उचलली. एका हाताने उचलली, हे नंतर लक्षात आलं.

पुढच्या बैठकीची नवार सैल झाली होती. ती नव्याने विणायला मी बैठक सोडवली. त्याखाली, रेझिनच्या आत, लाकडावर पेन्सिलने लिहिलेलं होतं. त्यांचं तिरकं अक्षर. आतलं कापड चढवायच्या आधीचं, म्हणजे मी गावाला होतो त्या आठवड्यातलं.

"साचा तिसरा. दोन सूत डावीकडे. पॅटर्नवाल्यांच्या नजरेतून सुटलं. वय झालं त्यांचं. कळू द्यायचं नाही, फार लावून घेतील."

मी पार्किंगच्या फरशीवर बसलो. आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या नजरेतून सुटेल? मग लाज वाटली. दोन हिवाळे मी नेमका त्या अक्षरांवर बसलो होतो, आणि माझ्या पाठीमागे हा माणूस माझी अब्रू सांभाळायला डावीकडून जास्तीचं वल्हं मारत होता. त्यानंतर पुन्हा तो जुना हेवा आला. होडीचा नव्हे. आम्ही दोघं एकाच दोन सुतांबद्दल गप्प बसलो होतो, आणि त्यांचं गप्प बसणं माझ्यापेक्षा इतकं चांगलं होतं.

कानावरची पेन्सिल काढून मी त्याखाली लिहायला गेलो. रेझिनवर पेन्सिल उमटत नाही. मग तळहाताएवढी जागा पॉलिश पेपरने घासून खडबडीत केली आणि लिहिलं, "दिसलं होतं." त्यांच्या उरलेल्या डब्यातलं रेझिन हार्डनर घालून वरून लावलं. दुसऱ्या दिवशी वाळलं. आता ते कुणाला पुसता येणार नाही, मलासुद्धा नाही. मग बैठक परत बसवली.

रविवारी एकटाच गेलो. मागे बसलो. पुढे वजनाला पाण्याचा कॅन ठेवला. डावीकडे दोन, उजवीकडे एक. नदीवर पान हलत नव्हतं. म्हातारा तिथेच जाळं घेऊन बसला होता. होरी अजून डावे हाताला जातंय, म्हणाला.

"वारा आहे," मी सांगितलं.