डिपॉझिट मशीनपाशी भेटलेली बाई

आधीच सांगतो... आमचं घर बौद्ध. नवस, अंगारे, भूतखेत असलं काहीही आमच्या बाबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मी अकोल्यात पंप ऑपरेटर आहे, दिवसभर मोटरी आणि मीटर. त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय.

मे महिना होता. माझी धाकटी बहीण सुजाता अमरावतीच्या एका दवाखान्यात होती. कावीळ बिघडली होती. सकाळी जावयांचा, प्रकाशरावांचा फोन आला. "दादा, महागाची इंजेक्शनं सांगतली. संध्याकाळपावतर चाळीस हजार लागतात." तिचं एटीएम कार्ड त्यांच्याजवळच होतं. कामावरच्या सोबत्यांकडून रोख गोळा केली आणि भर दुपारी बँकेच्या डिपॉझिट मशीनसमोर उभा राहिलो.

खाते नंबर टाकला. स्क्रीनवर तिचं नाव आलं. नोटा ठेवल्या, झाकण बंद झालं, आत खडखड... आणि सगळ्या नोटा परत. पुन्हा ठेवल्या. पुन्हा परत. तिसऱ्यांदा नोटा सरळ करत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"कावून इतली घाई करून राहिले भाऊ? तिले आता नाई लागत पैसे."

वळलो. साठीची बाई. हिरवट सुती लुगडं, हनुवटीवर गोंदण. त्या उन्हात पायात चप्पल नाही.

"कोनाले नाई लागत?"

"सुजाताले."

वाटलं, स्क्रीनवरचं नाव वाचलं असेल. डोकंच फिरलं. "तोंड सांभाळा मावशी! व्हा बाहेर!"

ती तशीच उन्हात निघून गेली. या खेपेला मशीननं पैसे घेतले. पावती खिशात घालतो तोच फोन वाजला. प्रकाशराव नुसते रडत होते... दहा मिनिटांपूर्वी सुजाता गेली होती.

अमरावतीला पोचेपर्यंत पाच वाजले. वॉर्डाच्या दाराशी चपला काढून आत गेलो. सुजाताच्या शेजारच्या खाटेपाशी तीच बाई बसली होती. तेच लुगडं, तेच गोंदण. आजारी, गरोदर सुनेला घेऊन शेंदूरजनाघाटहून आलेली, चार दिवसांपासून तिथंच.

"मावशी... तुमी दुपारी अकोल्याले होत्या का?"

तिनं मला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं.

"नाई बाप्पा. जावई औषधाले खाली गेलते. मीच पोरीचा हात धरून बसली होती, शेवटपावतर. एकच म्हने — दादाले कोनी तरी सांगा, उन्हात धावू नको म्हना."

नर्सही म्हणाली, मावशी जागची हलली नव्हती. आठवड्यानं मी बँकेच्या गार्डला गाठलं. त्यानं तिला पाहिलं होतं! उलट मलाच विचारलं, "त्या अनवानी बाईवर काहून वरडले होते तुमी?"

दोन वर्षं झाली. योगायोग, मनावरचा ताण, सारख्या चेहऱ्याची दुसरी बाई — सगळं लावून पाहिलं. एकही बसत नाही. भूत तरी कसं म्हणू? मावशी जिवंत आहे. सून बरी झाली, नातीच्या नामकरणाचं बोलावणंही आलं होतं. मी गेलो नाही.

माझ्या बहिणीनं शेवटचं माणूस पाठवलं आणि मी त्याला हाकलून दिलं, एवढंच मला कळतं. ते माणूस तिथं आलं कसं, ते अजून कळलेलं नाही.