माझं घर ओलांडून गेलेली हाक

आमच्याकडे भूकंपाचे धक्के आता पाहुण्यांसारखे येतात. न कळवता, आणि नेमके चहाच्या वेळेला.

मी तहसील कचेरीत आपत्ती विभागात कारकून होते. धक्का बसला की पाड्यापाड्यांतून खबर घ्यायची, हे माझं काम. डहाणू-तलासरीच्या गावसभांमध्ये माइक हातात घेऊन मी सांगत असे, की सरकारची गाडी पोचेपर्यंत शेजारीच सरकार. धक्का थांबला की बाहेर या, शेजारच्या घराला हाक मारा, त्याने पुढच्या घराला मारावी. उत्तर आलं नाही तर धावा. साहेबलोक हे सगळं विसरून गेले, पाड्यांनी मात्र मनावर घेतलं.

निवृत्त झाल्यावर सरावलीतल्या एका पाड्याच्या कडेला घर बांधलं आणि हौसेने उंच कंपाउंड घातलं. लग्न केलं नव्हतं, आई गेलेली. वापीचा भाऊ सुरुवातीला प्रत्येक धक्क्याला फोन करायचा. मग त्यालाही सवय झाली.

एका संध्याकाळी जरा मोठा धक्का बसला. स्वयंपाकघरातलं कपाट दाराला आडवं पडलं आणि मी आत अडकले. फोन बाहेरच्या खोलीत. लागलं काही नव्हतं, पण कपाट एकटीने हलेना. तेवढ्यात पाड्यातून हाका सुरू झाल्या. ‘हाय का?’ ‘हाय.’ एकेक घर करत हाक जवळ आली. मी खिडकीशी तोंड नेऊन उत्तर द्यायला तयार राहिले. शेजारच्या मावशींचा आवाज आला, आणि माझं घर ओलांडून पलीकडच्या घराला गेला. भानावर येऊन मी ओरडले, पण तोवर सगळे सुखरूप म्हणून माणसं आपापल्या कामाला लागली होती. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

कपाट सरकवून बाहेर यायला बराच वेळ गेला. जुन्या कचेरीत फोन लावला, तर नवा कारकून अदबीने म्हणाला की तुमच्या पाड्यातून सगळे ठीक असल्याचा निरोप आलाय, काळजी नसावी. माझं डोकंच फिरलं. तशीच मावशींच्या अंगणात गेले आणि मला का वगळलं म्हणून विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“तुमी सरकारी माणूस,” त्या म्हणाल्या. “तुमाला सरकार विचारील, असं वाटलं.”

भांडायला गेलेली मी त्यांच्या पायरीवर बसले. मलाही हाक मारत जा, म्हणाले. त्यांनी थोडा विचार करून अट घातली, की मग पलीकडच्या घराला मी हाक द्यायची. मी कबूल केलं. पलीकडे कोण राहतं, हेही मला त्यांनाच विचारावं लागलं. एक पोर राहत होती, तान्ह्या बाळाला घेऊन; नवरा बोटीवर कामाला गेलेला.

पुढचा धक्का लहानच होता. मी अंगणात येऊन उभी राहिले.

“बाई, हायत का?”

“आहे,” म्हणाले, आणि उभ्या उभ्या मला रडू कोसळलं. किती वेळ रडत होते कुणास ठाऊक. पुढे हाक गेली नाही म्हणून माणसं धावत आली. पलीकडची पोर बाळाला छातीशी धरून कुंपणाशी उभी होती, घाबरलेली. मावशी फाटकातून आत आल्या. मी धड आहे एवढं त्यांनी पाहून घेतलं.

“मागनं रडा,” त्या म्हणाल्या. “आधी तिला विचारा.”