कोरांटीवाले मामा

मी आज या लांबच्या बेटावर साखर कारखान्यात वेल्डर म्हणून उभा आहे, तो आक्काच्या सासऱ्यांमुळे. मी त्यांना मामा म्हणतो. आणि साऱ्या कोल्हापुरात कोथिंबिरीच्या जुडीकडं इतक्या संशयानं बघणारा दुसरा माणूस झाला नाही, हे मी देवळात उभं राहून सांगेन. मामांची सारी नोकरी बंदरावरच्या क्वारंटाईन ऑफिसात गेली. परदेशातनं येणारी रोपं, बियाणं तपासायची, कीड दिसली की अडकवून ठेवायची. रिटायर होऊन ते राजारामपुरीत आले, पण ऑफिस काही अंगातनं गेलं नाही. गल्लीतल्या बायकांना त्यातलं 'कोरांटी' तेवढं कळलं. श्रावण आला की त्या फुलं मागायला दारात हजर.

"कोरांटी न्हाय वो, क्वारंटाईन!" मामा जिन्यातनं ओरडायचे.

"व्हय की, तीच. पिवळी असली तर द्या."

घरात आलेली भाजी आधी गॅलरीत जायची. मामा भिंग घेऊन एकेक पान उलटं करणार, मग ती स्वयंपाकघरात. मी आठवीत शाळा सोडून नेसरीहून वेल्डिंगच्या कामाला आलो आणि आक्काकडं उतरलो, तर आईनं दिलेला फणस न सांगता सरळ आत नेला. झाली शिक्षा! फणस आणि मी, दोघंही तीन दिवस गॅलरीत. चहा खिडकीतनं यायचा. आक्काच्या सासूबाई हसून म्हणाल्या, "तुझं काय घिऊन बसलास? लग्नात माझ्या गळ्यातला हार बी उलटा करून बघितलाय ह्यांनी!"

पुढं त्यांच्याच ओळखीनं मला इथली नोकरी लागली. इंग्रजी फॉर्म बघूनच मला घाम फुटायचा; मामांनी एकेक रकाना पाठ करून घेतला. "माती, बी, झाडपाला असंल तर 'हाय' म्हणायचं. काढून घेत्याल, सोडून देत्याल. लपवलास तर दंड, आन् आल्या विमानानं परत. अरं, उसावर जगतंय ते बेट. तुझ्या मातीतनं एक कीड गेली तर गावंच्या गावं उपाशी बसतील."

मी मान हलवली. पण आईनं वाकळेच्या कोपऱ्यात आमच्या रानातली मूठभर माती शिवून दिली होती. "करमलं न्हाय तर वास घे," म्हणाली होती. निघायच्या आदल्या दिवशी मामांनी माझी पेटी तपासली. भुईमुगाच्या शेंगा, कढीलिंब, सगळं बाहेर. वाकळेवरनं हात फिरवला, घडी घातली आणि आत ठेवली. मी फरशीकडं बघत होतो. वाटलं, म्हातारा चुकला.

इथल्या विमानतळावर मातीच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. पुढच्या माणसाच्या पेटीत न सांगितलेले दोन आंबे निघाले, त्याला बाजूला नेलं. मग तिथलं कुत्रं आलं आणि माझ्या वाकळेपाशी बसलंच. साहेबानं कात्रीनं कोपरा उसवला. नोकरी गेली, आता कुठल्या तोंडानं परत जायचं?

आतनं कागद पडला. मामांचं अक्षर.

"जप्त माल: माती, मूठभर. मुक्काम: राजारामपुरी, गॅलरीतली कुंडी. शिक्षा: मालकानं स्वतः येऊन पाणी घालणे."

साहेबानं खुणेनं विचारलं, काय आहे हे? "नोटीस," म्हणालो, आणि भर रांगेत रडलो.

या गोष्टीला सात वर्षं झाली. ती शिक्षा अजून भोगायची राहिली आहे. आक्का फोनवर सांगते, मामांना आता भिंगातनंही दिसत नाही, पानं बोटांनी चाचपतात. कुंडीला रोज पाणी घालतात, पण तिच्यात काही लावू देत नाहीत, म्हणतात, "माल दुसऱ्याचा हाय." आणि फोन संपता संपता मागनं आवाज येतो, "आरोपी कवा येतोय म्हणं?"

येतो, मामा. येताना हातकणंगल्याच्या रोपवाटिकेतनं कोरांटीचं रोप आणीन, पिवळ्या फुलांचं, त्या कुंडीत लावायला. पण आधी जिन्यातच उभा राहीन. तुमची बोटं एकेक पानाखालनं फिरल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही.