सतरा नंबरचं सील

कुल्यान आपाने हातातल्या रेडिओची अँटेना फिरवून काढली आणि कॅन्टीनच्या टेबलावर, येरमुखानच्या चहाच्या वाटीशेजारी आदळली. रेडिओ तरीही ओरडत होता. वरून खाली घसरणारा, परत वर उडी मारून परत घसरणारा आवाज. दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखा, पण मांजर निदान दमतं तरी.

"ऐका," ती म्हणाली. "अँटेना काढली, तरी वाजतंय. अँटेनाशिवाय याला फक्त जवळचंच ऐकू येतं. म्हणजे हे डोंगरातनं येत नाही. इथनं येतंय. आपल्या अंगणातनं."

टेबलाभोवती आठ-नऊ जण बसले होते. सगळे स्वतःची विमानं असलेले. कोणी दातांचा डॉक्टर, कोणी सिमेंटचा व्यापारी, कोणी सासऱ्याच्या जमिनीवर गबर झालेला. सारिबुलाकच्या फ्लाइंग क्लबात शनिवार-रविवारी यायचं, तासभर डोंगराच्या कडेने उडायचं आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलायचं. आठवड्यातून एक तास उडणारा माणूस सहा तास बोलतो, हे आपाने चाळीस वर्षांत पाहिलं होतं.

पण हा आठवडा वेगळा होता. परवा सकाळी त्रेचाळीस माणसं घेऊन निघालेलं प्रवासी विमान डोंगराजवळून जाताना नाहीसं झालं. रडारच्या पडद्यावर ठिपका होता, मग नव्हता. बचाव खात्याने खासगी वैमानिकांनाही मदतीला बोलावलं. परवा संध्याकाळी क्लबाचा अध्यक्ष येरमुखान एकटाच चक्कर मारून आला. काल सकाळी क्लबाचं दुसरं विमान वर गेलं, त्याने आणीबाणीचं चॅनल लावलं आणि हा आवाज ऐकला. विमान पडलं की त्यातला बीकन दणक्याने आपोआप असाच ओरडायला लागतो. येरमुखानने दुपारपर्यंत टीव्हीवर सांगूनही टाकलं की आमच्या सभासदांनी सिग्नल पकडला. हेलिकॉप्टरांच्या यंत्राचा काटा पूर्वेच्या घळीकडे वळला, कारण घळीचे कडे कुठलाही सिग्नल परत फेकतात. दोन हेलिकॉप्टरं तेव्हापासून तिथेच घिरट्या घालत होती.

आपा काल दिवसभर बचाव खात्याच्या तळावर त्यांचे बिघडलेले रेडिओ नीट करत होती. आज दुपारी परतली आणि पहिलं काम केलं ते अँटेना काढण्याचं. जे काम या उडत्या शहाण्यांना काल सकाळी सुचायला हवं होतं.

"आपा," येरमुखान वाटी बाजूला सरकवत म्हणाला, "माणसं मेलीत का जगलीत हे ठरायचंय, आणि तुम्ही खेळणी दाखवताय."

"मोठ्या विमानाचा बीकन उपग्रहाला स्वतःचं नाव सांगतो," कोपऱ्यातून गेन्नादी पेत्रोविच बोलला. सत्तरीचा निवृत्त प्रशिक्षक, या सगळ्यांना उडायला शिकवलेला. "हा नाव सांगत नाहीये. नुसता रडतोय."

"नाव गिळलं गेलंय," येरमुखान म्हणाला. "तेच तर सांगतोय कालपासून. सीमेपलीकडनं कोणीतरी रेडिओ दाबतंय. विमानही त्यामुळेच भरकटलं."

"बरोबर," दातांचा डॉक्टर तालगात पुढे सरकला. "मागच्या महिन्यात मी धावपट्टीवर उभा, आणि माझा नकाशा मला तळ्याच्या मध्यभागी दाखवतोय. हा हल्ला नाही तर काय?"

"तो हल्ला नव्हता, डॉक्टर," आपा म्हणाली. "बाजारातला स्वस्तातला चार्जर होता. तुम्ही फोनसाठी रेडिओच्या बुडाशी खुपसलेला. मीच उपटला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही थँक्यूसुद्धा म्हणाला नाहीत."

दोघे-तिघे हसले. तालगातचं तोंड लाल झालं.

"आपा, तुम्ही इथे बटाटे सोलायला आलात ना पहिल्यांदा?" तो म्हणाला. "तेवढंच करायचं होतं."

"सोलत होते. आता सालं टेबलाभोवती बसलीयेत."

खोटं नव्हतं ते, बटाट्यांचं. एकोणिसाव्या वर्षी कुल्यान याच कॅन्टीनमध्ये बटाटे सोलायला लागली. वासिली कुझमिच नावाचा रेडिओ मेकॅनिक जेवायला यायचा, हात थरथरायचे त्याचे, बारीक तारा जोडता यायच्या नाहीत. "पोरी, तुझे हात स्थिर आहेत," म्हणाला एक दिवस, आणि गरम सोल्डरिंग आयर्न तिच्या हातात दिलं. जुना देश मोडला, क्लब बंद पडला, मेकॅनिक देशोदेशी पांगले. कुल्यान रेडिओ दुरुस्तीच्या टपरीत राहिली. पुस्तकं रशियन, तिचं रशियन स्वयंपाकघरातलं, तरी एकेक पान चघळून तिने संपवलं. परीक्षेला बसली तेव्हा परीक्षक हसले. दुसऱ्यांदाही हसले. तिसऱ्या वेळी तिने त्यांचाच बंद पडलेला रेडिओ त्यांच्यासमोर चालू केला, तेव्हा हसणं थांबलं आणि तिला मिळालं सतरा नंबरचं सील. छोटी पक्कड. विमानातल्या प्रत्येक महत्त्वाच्या खटक्यावर बारीक तार ओवायची, तारेवर शिशाचा मणी चढवायचा आणि पकडीने दाबायचा. मण्यावर १७ उमटतं. तार तुटल्याशिवाय खटका हलत नाही. तार तुटली तर कोणीतरी हात लावला. शाबूत असली तर नाही. तिच्याकडे घर होतं दोन खोल्यांचं, नवरा नव्हता, कुठली पदवी नव्हती. सतरा नंबर होता.

"बोलत बसा," ती म्हणाली आणि अँटेना खिशात टाकून बाहेर पडली. मागून गेन्नादी पेत्रोविच काठी टेकत निघाला.

दारापाशी, भिंतीवरच्या मोठ्या रेडिओखाली, ओराझगुल नावाची बाई बसली होती. तिची मुलगी त्या विमानात होती, प्रवाशांना जेवण वाढण्याच्या नोकरीवर. काल सिग्नल मिळाल्याचं कळल्यापासून ती इथे आली होती आणि हलली नव्हती. आवाज कमी करू देत नव्हती कोणाला. आपा तिच्याकडे न बघता पुढे गेली.

हँगर सात. पत्र्याचे, एका रांगेत. आपा अँटेना नसलेला रेडिओ पोटाशी धरून चालत गेली. पहिल्यापाशी आवाज बारीक झाला. दुसऱ्यापाशी आणखी बारीक. तिने वाट बदलली, मागे फिरली, दुसऱ्या टोकाने आली. सहाव्या हँगरच्या दारापाशी रेडिओ असा किंचाळला की गेन्नादीने कानावर हात ठेवला.

सहावा हँगर येरमुखानचा. कुलूप लावलेला.

आत त्याचं विमान. या विमानातला बीकन तिनेच वसंतात तपासला होता, तिनेच बसवला होता. आणि त्याच दिवशी येरमुखानशी तिचं भांडण झालं होतं, बायकांनी यंत्राला हात लावला की विमानाला नजर लागते असं काहीतरी तो विनोदाने म्हणाला होता. रागाच्या भरात तिने बीकन बसवला, वहीत सही ठोकली. खटक्यावर तार ओवल्याचं आठवत होतं. मणी दाबल्याचं आठवत नव्हतं. कितीही डोकं खाजवलं तरी तो क्षण कोरा.

मणी दाबलेला नसेल, तार सुटली असेल, एखादी बॅग लागून खटका सरकला असेल, तर दोन हेलिकॉप्टरं कालपासून चुकीच्या घळीत फिरली ती तिच्यामुळे. मग सील जाणार. जायलाच हवं.

गेन्नादी तिच्याकडे बघत होता. म्हातारा मूर्ख नव्हता.

"असल्या जुन्या बीकनची बॅटरी दोन दिवस चालते," तो हळूच म्हणाला. "परवा संध्याकाळपासूनचा धरला, तर आज अंधार पडायच्या आत आपोआप गप्प होईल. कोणाला कळणारही नाही."

"आणि ती हेलिकॉप्टरं?"

त्याने काठीचं टोक मातीत रोवलं.

"जा, त्याला किल्ली घेऊन बोलवा," आपा म्हणाली. दारासमोर एक रिकामा खोका पालथा घातला आणि त्यावर बसली. "आणि सगळ्यांना आणा. एकट्याला आत जाऊ देणार नाही मी."

येरमुखान आला, पण किल्ली न घेता. मागे सगळी पलटण.

"किल्ली घरी राहिली," तो म्हणाला.

"मग घरी जा. मी बसलेय."

"आपा, उठा. आत पेट्रोलची वाफ साचलेली असेल, आधी मी बघतो."

"किल्ली घरी आहे ना? मग आधी बघणार कसं? पत्र्यातनं?"

कोणीतरी खोकल्याचं नाटक करून हसू दाबलं. येरमुखानने जबडा आवळला.

"ठीक आहे. तुमचीच अब्रू जाणारे, माझं काय. तुमच्या सीलची तार मागच्या महिन्यापासून लोंबतेय. मी पाहिलीये. म्हाताऱ्या बाईची नोकरी जाऊ नये म्हणून बोललो नाही. आता हात जोडून सांगतो, हे आपण आपसात मिटवू. मी बंद करतो, आवाज थांबतो, तुम्ही टपरीत जाऊन चहा प्या."

ऐकताना आपाची कानशिलं तापली. तो खरं बोलत असेल. तो कोरा क्षण पुन्हा डोळ्यांसमोर आला. एक शब्द, आणि सगळं मिटत होतं. आणि याच माणसाच्या उपकाराखाली उरलेलं आयुष्य काढायचं.

"तार लोंबत असेल," ती म्हणाली, "तर सगळ्यांसमोर लोंबेल. पक्कड मी स्वतः जाऊन जमा करीन. उघडा."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर मी बचाव खात्याला इथूनच फोन लावते. नंबर आहे माझ्याकडे. काल दिवसभर त्यांचेच रेडिओ जोडत होते मी, तुम्ही टीव्हीवर केस विंचरत होतात तेव्हा."

किल्ली त्याच्या खिशातच निघाली.

दार सरकलं. आधी कोणी बीकनकडे पाहिलंच नाही, कारण विमान एका अंगावर झुकून उभं होतं. डाव्या चाकाचा पाय बाहेरच्या बाजूला वाकलेला. पंख्याच्या दोन्ही पात्यांची टोकं मुडपलेली, आणि टोकांना धावपट्टीचं डांबर चिकटलेलं.

परवा संध्याकाळी, सगळ्यांच्या आधी, येरमुखान एकटाच शोधायला वर गेला होता. उतरल्यावर म्हणाला होता, काही दिसलं नाही, इंजिनला विश्रांती देतोय. कालपासून तो दुसऱ्यांच्या विमानात बसून शोधत होता.

गेन्नादी पेत्रोविच वाकलेल्या चाकाजवळ उभा राहिला.

"उतरल्यावर इंजिन बंद करायच्या आधी काय करायचं असतं?" त्याने विचारलं. "पहिल्या दिवशी शिकवतो मी. आणीबाणीचं चॅनल लावायचं आणि ऐकायचं. आपलाच बीकन तर ओरडत नाही ना. पाच सेकंद लागतात."

"वारा होता," येरमुखान म्हणाला. "आडवा वारा होता. कोणालाही झालं असतं."

"झालं असतं. ऐकलंही असतं."

आपा तोवर शेपटाकडच्या झाकणापाशी गेली होती. स्क्रू तिने एकेक काढून खिशात टाकले. झाकण निघालं. नारिंगी डबा, त्यावरचा लाल दिवा लुकलुकणारा. खटका मधल्या जागेवर, जिथे असायला हवा तिथेच. खटक्यावर तार, ताठ. तारेवर मणी. मण्यावर १७.

"तालगात डॉक्टर," ती म्हणाली, "तुमची नजर बारीक कामाची. या. वाचा."

तालगातने वाकून पाहिलं. "सतरा," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"सतरा. तार शाबूत आहे. दणक्याने सुरू झालाय."

आपाने खिशातून कातर काढली, स्वतःच्या हाताने स्वतःचं सील तोडलं आणि खटका खाली ओढला. दिवा विझला. पोटाशी धरलेला रेडिओ एकदम मुका झाला, आणि दूर, कॅन्टीनमधला मोठाही. मग तिने बचाव खात्याला फोन लावला आणि चार वाक्यांत सांगितलं. येरमुखानचं नाव पहिल्या वाक्यात घेतलं.

परतताना कॅन्टीनच्या पायरीवर ओराझगुल उभी होती.

"थांबला," ती म्हणाली. "का थांबला?"

मागची पलटण तिथल्या तिथे रेंगाळली. कोणाला बुटाची नाडी आठवली, कोणाला फोन.

"तो तुमच्या मुलीच्या विमानाचा नव्हता," आपा म्हणाली. "आमच्याच एका विमानाचा होता. अध्यक्षांच्या. ते आपटून उतरले आणि लपवलं. बीकन मी बसवलेला."

ओराझगुल पायरीवरून खाली उतरली.

"कालपासून मी त्याच्याशी बोलत होते," ती म्हणाली. "तू बंद केलास?"

"मी बंद केला."

ती आपाच्या पायांपाशी थुंकली आणि फाटकाकडे चालू लागली. आपाने पाय मागे घेतला नाही.

हेलिकॉप्टरं त्याच संध्याकाळी पश्चिमेला वळली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विमान सापडलं. त्रेचाळीसांतलं कोणी वाचलं नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं की पहिल्या क्षणातच सगळं संपलं होतं, दोन दिवस आधी सापडलं असतं तरी काही फरक पडला नसता. येरमुखानने तो कागद कॅन्टीनच्या भिंतीवर लावला. अध्यक्षपद त्याचं राहिलं. मतं देणारे त्याच्याच टेबलावरचे. आपाने कागद फाडला नाही, फक्त त्याच्या शेजारी तिच्या वहीचं एक पान चिकटवलं: तारीख, हँगर सहा, सील शाबूत, आपटून उतरले, कळवलं नाही. खाली सतरा.

वसंतात नवं चाक आलं, नवा पंखा आला. येरमुखान टपरीच्या दारात उभा राहिला.

"आपा, बीकन बसवायचाय. सील लागेल."

"लागेल," ती वर न बघता म्हणाली.

"मग?"

"दुसरा नंबर शोधा."

सगळ्या खोऱ्यात दुसरा नंबर नव्हता, हे त्यालाही माहीत होतं. सीलशिवाय विमान हँगरबाहेर काढता येत नाही, हेही. आपाने सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं आणि तालगातचा रेडिओ उघडला. बुडाशी परत तोच चार्जर होता.